मुकादमाचा डावा कान

आमच्या गल्लीत त्याला सगळे बेमालूम म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसतंच 'फोटो जोडून मिळतील' असं लिहिलेलं. काम कधी मिळेल असं गिऱ्हाइकानं विचारलं की हा म्हणायचा, "बेमालूम झालं की देतो." तो शब्द लोकांनी इतक्या वेळा ऐकला की शेवटी त्यालाच चिकटवून टाकला. मी त्याच्या शेजारचा फ्रेमवाला. काच कापणं, फ्रेमा करणं, आरसे बसवणं हा माझा धंदा. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती, आणि ती इतकी पातळ की तो शिंकला तर मी दचकायचो. बावीस वर्षं मी त्या माणसाला ऐकलंय. म्हणून त्याच्याबद्दल सांगायचा हक्क मी घेतोय. सांगता सांगता मी चिडलो तर सोसून घ्या, कारण या प्रकरणात मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

त्याचं काम म्हणजे एका फोटोतला माणूस उचलून दुसऱ्या फोटोत उभा करायचा. लग्नाला पोचू न शकलेला भाऊ, नातू जन्मायच्या आधीच गेलेले आजोबा, रुसून घर सोडलेला मुलगा, सगळे त्याच्या कॉम्प्युटरवर एका रांगेत यायचे आणि कॅमेऱ्याकडे बघायचे. कधी माणूस घालायचा, कधी काढायचा. एका बाईनं नणंदेला काढायला सांगितलं होतं. नणंद निघाली, पण तिचा हात बाईच्या खांद्यावर तसाच राहिला. तो पुसून त्याखालचा साडीचा काठ पुन्हा भरायला याला दोन दिवस लागले. "नणंद सोपी होती," तो मला म्हणाला, "हातानं जीव खाल्ला." त्या बाईनं पैसे देताना घासाघीस केली ती केलीच.

आई-वडील गेले तेव्हा हा सतरा वर्षांचा आणि बहीण नऊ वर्षांची. एका स्टुडिओत ब्रशनं फोटोवरचे डाग झाकायच्या कामाला लागला आणि त्यावर बहिणीला वाढवलं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, आधी धाकटीचं होऊ दे. धाकटीचं झालं, तोवर याचे कानशिलावरचे केस पिकले होते. ब्रशचे दिवस संपले तेव्हा चाळिशीत कॉम्प्युटर शिकला, तोही कोणाकडे न जाता, शिव्या घालत. मी भिंतीपलीकडून त्या शिव्या ऐकल्या आहेत. तोंडानं इतका सभ्य माणूस यंत्राशी असं बोलू शकतो हे मला नव्यानंच कळलं होतं.

त्याच्या कामाच्या दोन रीती होत्या, आणि पुढचं सगळं त्या दोन रीतींमुळे घडलं, म्हणून त्या नीट सांगतो.

पहिली रीत वहीची. कोणीही फोटो घेऊन आलं की हा आधी विचारायचा, "उजेड कुठून येतोय?" एका फोटोत उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून असेल तर कितीही जोडा, डोळ्याला खुपतंच. मग त्यावर उपाय म्हणजे माणूस आरशात दिसतो तसा उलटा करायचा. बटण दाबलं की झालं. पण उलटा केला की उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर जातो, भांग दुसरीकडे पडतो. चारचौघांना कळत नाही, पण घरच्यांना कळतं, आणि काय बिघडलंय ते सांगता न येता ते फोटो परत आणून देतात. म्हणून माणूस उलटा करायच्या आधी तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "डावी-उजवी काही खूण?" आणि वहीत लिहून घ्यायचा. तीळ, व्रण, दाताची फट, घड्याळाचा हात. अशा सहा वह्या भरल्या होत्या.

दुसरी रीत पुसायची. फोटो दिला की त्याचे तुकडे, एकावर एक चढवलेले लेयर, मूळ प्रती, सगळं कॉम्प्युटरवरून मिटवून टाकायचा. "जोड माझ्याकडे राहिला तर मी उसवत बसेन," म्हणायचा. मी त्याला वेड्यात काढायचो.

धाकटीचा नवरा गावाबाहेरच्या केमिकलच्या कारखान्यात मुकादम होता. मोठ्या आवाजाचा, हसरा गडी. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. ऐन तरुणपणी लोखंडी जाळीत अडकून फाटली आणि हा शहाणा टाके घालायला गेलाच नाही. धाकटी त्यावरून त्याला छळायची. "गर्दीत हरवलात तरी हरकत नाही," म्हणायची, "मी कानावरून शोधीन." ती घरातच पाळणाघर चालवायची. कारखान्यातल्या बायांची नऊ पोरं दिवसभर तिच्याकडे असायची आणि तिच्या नवऱ्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. बेमालूम दर रविवारी जेवायला तिथे जायचा. मलाही दोन-चारदा ओढून नेलं होतं.

एका सकाळी टाकी धुवायला दोन कामगार आत उतरले आणि वर आले नाहीत. त्यांना बघायला तिसरा उतरला, तोही आला नाही. मुकादमानं तोंडाला ओला रुमाल बांधला आणि तिघांना ओढायला स्वतः उतरला. मास्क होते, पण स्टोअरमध्ये कुलपात, आणि किल्ली ज्याच्याकडे तो त्या दिवशी रजेवर. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानंही ते कागदावर लिहून दिलं नाही. चौघांनाही संध्याकाळी बाहेर काढलं. शवागारात केमिकलनं भाजलेले चेहरे ओळखण्यासारखे नव्हते. धाकटीनं खरोखरच कानावरून ओळखलं. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो. ती फक्त "हो" म्हणाली.

पंधरा दिवसांनी कंपनीचा कामगार कल्याण अधिकारी बेमालूमच्या दुकानात आला. मी भिंतीपलीकडे काच कापत होतो, ते थांबवून ऐकायला लागलो.

"चौघांचा एकत्र फोटो हवाय," तो म्हणत होता. "गेटपाशी लावायचाय, आठवण म्हणून. आमच्या ट्रेनिंगच्या हॉलमध्ये बसलेत असं करा. पण दुःखी नको. कामावर असल्यासारखे, जिवंत वाटू देत."

"हेल्मेट घालू?"

"हेल्मेट हवं. मास्क गळ्यात. शूर माणसं होती हो, तशी दिसली पाहिजेत."

त्यानं हॉलचा फोटो दिला. मागे फळा, फळ्यावर 'सुरक्षा प्रशिक्षण' आणि अपघाताच्या दोन महिने आधीची तारीख. त्या दिवशी ऑफिसातल्या लोकांना शिकवलं होतं म्हणे. तिघा कामगारांचे फोटो कंपनीच्या सहलीतले होते. मुकादमाचा नीट फोटो कंपनीकडे नव्हता. तेव्हा बेमालूमनं धाकटीकडून आणला: मुकादम घराच्या दारात हसत उभा आहे असा, तिच्याकडे होता तो एवढाच बरा फोटो. तिनं भिंतीवरून काढून पदरानं पुसून दिला.

नऊ दिवस त्यानं दुसरं काही हाती घेतलं नाही. फ्रेम करायला फोटो माझ्याकडे आला तेव्हा, खरं सांगतो, मी हातातली काच खाली ठेवली. चौघं खुर्च्यांवर बसलेत, खिडकीतला उजेड चौघांच्या गालावर सारखा पडलाय, हेल्मेटची सावली कपाळावर, खुर्च्यांच्या पायांशी बुटांच्या सावल्या. आत्ता उठून चहाला जातील असं वाटत होतं. मी अधिकाऱ्याला विचारलं, "खाली नावं, तारखा घालू?"

"नको," तो म्हणाला. "काहीच घालू नका."

मला तिथेच खटकायला हवं होतं. गेलेल्या माणसाचा फोटो कोणी नावाशिवाय लावतं का? खटकलं, पण मी ते गिळलं. कंपनीच्या नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मला मिळायच्या होत्या. अधिकारी मूळ फोटोंचं पाकीटही, धाकटीच्या फोटोसकट, घेऊन गेला. उद्या परत पाठवतो म्हणाला आणि ते पाकीट आजतागायत आलेलं नाही. बेमालूमनं नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर साफ केला.

एक प्रत त्यानं बहिणीसाठी मागून घेतली होती. आम्ही दोघं ती घेऊन गेलो. हा माणूस आयुष्यात कधी कोणाला आपलं काम कसं झालंय असं विचारत नसे. त्या दिवशी त्यानं विचारलं. धाकटी फोटोकडे फार वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान झालंय, दादा." आणि पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आम्हाला वाटलं, आठवण आली असेल.

महिन्याभरानं तो फोटो पेपरात आला. गेटवर नाही, अपघाताच्या चौकशीच्या बातमीत. खाली छापलं होतं, 'अपघाताच्या दोन महिने आधी सुरक्षा प्रशिक्षण घेताना मृत कामगार.' बातमीत पुढे असं की कामगारांना शिकवलं होतं, मास्क दिले होते, तरीही मुकादमानं निष्काळजीपणे माणसं मास्कशिवाय टाकीत उतरवली. चौकशीचा कल तसा दिसतोय. मी पेपर घेऊन शेजारी गेलो. त्यानं वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला. मग शटर ओढून घरी गेला.

पाळणाघरातली पोरं आठवड्यात बंद झाली. नऊच्या नऊ. आधी उतरलेल्या दोघांपैकी एकाची बायको धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या माणसाला मारलं! मास्क होते ना? बघ, हे काय गळ्यात! आणि वर भिंतीवर लावून मिरवतेस?"  ती गेल्यावर धाकटीनं फोटो काढून तोंड भिंतीकडे करून ठेवला. तो फोटो खोटा आहे हे कारखान्याबाहेर तिघांनाच माहीत होतं: ती, तिचा भाऊ आणि मी. आणि तिघंही गप्प होतो.

कल्याण अधिकारी पुन्हा येऊन गेला. आवाज मऊ. "तुम्ही केलाय हे कळलं तर आधी तुम्ही आत जाल, बरं का. आणि कळणार तरी कसं? तुम्हीच इतकं सुंदर केलंय."

तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी भिंतीवर मूठ आपटली. "अरे, तुझ्या बहिणीच्या दारात लोक थुंकतायत!"

पलीकडून आवाज आला, "माझ्याकडे पुरावा काय आहे? सगळं मिटवलंय."

"तोंड तर आहे ना?"

"तुलाही आहे."

मी पुन्हा काच कापायला घेतली. काचांचं काम तेव्हा निम्मं झालं होतं.

पुढच्या रविवारी तो बहिणीकडे गेला. ती पोरांच्या छोट्या गाद्यांच्या खोळी धूत बसली होती. तीन आठवडे त्यांवर कोणी निजलं नव्हतं. "कशाला धुतेस?" यानं विचारलं. ती म्हणाली, "वेळ जात नाही रे." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं चौकशी कार्यालयात अर्ज दिला की फोटो मी जोडून केला आहे. मला नंतर सांगितलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही.

सुनावणीला मी गेलो, तेवढी लाज शिल्लक होती. साधी खोली, लांब टेबल, पंखा, टेबलामागे चौकशी अधिकारी, म्हातारा, शांत माणूस. एका बाजूला कंपनीचा वकील आणि तो कल्याण अधिकारी. दुसऱ्या बाजूला धाकटी, मागच्या बाकांवर गेलेल्या तिघा कामगारांच्या बायका.

"तुम्ही म्हणता हा जोडलेला आहे," चौकशी अधिकारी म्हणाले. "मूळ फोटो दाखवा."

"माझ्याकडे नाहीत, साहेब."

"कॉम्प्युटरवर?"

"मिटवलं."

"मग यातच दाखवा. जोड कुठे आहे?"

बेमालूमनं खिशातून आपलं भिंग काढलं आणि फोटोवर वाकला. आधी कडा बघितल्या. मग माना, खांदे, सावल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याच्या कपाळावरचा घाम फोटोवर पडेल म्हणून त्यानं बाहीनं पुसला. बावीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता की जोड सापडला तर फुकट करून देतो. आता स्वतः शोधत होता आणि सापडत नव्हता. शेवटी तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "दिसत नाहीये."

वकील हसला. त्याच्या मागचे दोघं-तिघंही हसले. "मेहुण्याला वाचवायला आलेत," वकील म्हणाला. "समजू शकतो आपण. पण खोटं बोलून चौकशीचा वेळ घ्यायचा म्हणजे..."

"दादा खोटं बोलत नाही."

धाकटी उभी राहिली होती.  ती टेबलाशी आली आणि फोटोवर बोट ठेवलं. "यांचा कान बघा. फाटकी पाळी उजव्या कानाला आहे. यांचा डावा कान फाटला होता. शवागाराच्या कागदावर लिहिलंय, मी सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलंय."

कागद निघाला. डाव्या कानाची पाळी फाटलेली, जुनी जखम.

वकील म्हणाला, "फोटो उलटा छापला गेला असेल. होतं असं."

चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "उलटा छापला असता," ते सावकाश म्हणाले, "तर फळ्यावरची अक्षरं उलटी असती. ती सरळ आहेत."

 मी बेमालूमकडे बघितलं. तो फोटोकडे नाही, बहिणीकडे बघत होता. हॉलमधला उजेड डावीकडून होता आणि दारातल्या मुकादमाच्या गालावर उजवीकडून. त्यानं बटण दाबलं होतं. सहा वह्या भरून परक्या माणसांच्या खुणा लिहिल्या, पण घरच्या माणसाचं कोण लिहून घेतो? ज्याच्याशेजारी दर रविवारी जेवला त्याचं वहीत पानच नव्हतं.

बाहेर आवारात त्याला बसवून ठेवलं होतं, पोलीस यायचे होते. खोटा पुरावा तयार केल्याचा जबाब त्यानं स्वतःच दिला होता आणि तो बहिणीनं खरा ठरवला होता. धाकटी त्याच्या शेजारी बसली होती.

"तुला कधी दिसलं?" त्यानं विचारलं.

"आणलास त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस ना, कसं झालंय म्हणून. इतका खुशीत होतास. काय सांगू?"

"आणि नंतर? लोक दारात येऊन बोलत होते तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुला नेलं असतं," ती म्हणाली. "एक जण तर गेलाच होता."

तो रडला. बावीस वर्षांत भिंतीपलीकडून मी त्याच्या शिव्या, शिंका, गाणी ऐकली होती, रडणं ऐकलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना, आणि निघूनही जाता येईना.

त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. कंपनीनं सांगितलं, फोटो बाहेरून आला, आम्हीच फसलो. कल्याण अधिकाऱ्याची दुसरीकडे बदली झाली, बढतीवर. अहवालातून मुकादमाची चूक वगळली आणि तिथे लिहिलं, 'अपघाताचे नेमके कारण निश्चित करता येत नाही.' स्टोअरच्या कुलपाचा उल्लेख कुठेच नाही. त्या तिघींपैकी एकीनं पोर पाळणाघरात परत पाठवलं, दोघींनी नाही. कंपनीच्या खिडक्यांना माझ्याच काचा आहेत. त्या रस्त्यानं गेलो की मी मान खाली घालतो.

बेमालूम सुटून आला तेव्हा दुकान गेलं होतं. आता एका झेरॉक्सवाल्याकडे बसतो, लोकांचे कागद जसेच्या तसे काढून देतो. फोटोचं काम कोणी विचारलं तर हात जोडतो.

मागच्या महिन्यात धाकटी माझ्या दुकानात आली. मापाची सुतळी पुढे केली आणि म्हणाली, "एवढा आरसा हवाय. भिंतीवर बसवून द्या." मी मनात म्हटलं, चला, बाई सावरतेय, घराकडे लक्ष द्यायला लागली. आरसा घेऊन गेलो. बघतो तर भिंतीवर तोच फोटो पुन्हा लावलेला, आणि आरसा तिला बरोबर त्याच्या समोरच्या भिंतीवर हवा होता, त्याच उंचीवर.

"हा कशाला लावलात परत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुसरा आहे कुठे?" ती म्हणाली. "माझा फोटो त्या पाकिटात गेला."

मी भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या, आरसा चढवला, फडक्यानं पुसला आणि बाजूला होऊन बघितलं. आरशात फळ्यावरची अक्षरं उलटी झाली होती, वाचता येत नव्हती. पण मुकादम सरळ झाला होता. फाटकी पाळी डाव्या कानाला आली होती.

 "अहो, दादाला सांगा ना," मी म्हटलं. "एक बटण दाबायचं काम आहे, तो..."

"त्याला नका सांगू," ती म्हणाली. "त्याला आता त्या फोटोला हात लावायला लावू नका." मग ती आरशासमोर स्टूल ओढून बसली आणि मला म्हणाली, "जरा सरकता का? तुमचं डोकं मध्ये येतंय."

मी सरकलो.